बदकांची हजेरी

बर्ड फ्लूची बातमी आपल्याकडे मरणापासून सुरू होते. अमक्या गावात इतक्या कोंबड्या दगावल्या, तमक्या रस्त्यावर बगळे मरून पडलेले सापडले. मग नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, दोन-चार दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, अहवाल येतो, पांढरे पोशाख घातलेली माणसं येतात, जेसीबी खड्डा खणतो, चुना पडतो आणि चिकनचा भाव कोसळतो. महाराष्ट्राला हा क्रम आता तोंडपाठ आहे. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, त्याच सुमारास ठाण्यातले बगळे आणि मुंबई-दापोलीचे कावळेही यादीत होते. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभरेक कोंबड्या दगावल्या आणि किलोमीटरभराच्या परिघातल्या सुमारे 25 हजार पक्ष्यांवर संक्रांत आली. जानेवारी 2025 मध्ये उरणच्या चिरनेरची पाळी होती. चिरनेर म्हटलं की आमच्याकडे 1930 चा जंगल सत्याग्रह आठवतो; त्या आठवड्यात लोक फक्त कोंबड्यांबद्दल बोलत होते.

या याद्यांमध्ये पाळीव बदक सहसा सापडत नाही. याचा अर्थ बदकाला हा रोग होत नाही असा नव्हे. होतो, पण पुष्कळदा ते मरत नाही. आजारी पडल्याचंही दाखवत नाही.

मी ऐरोलीत राहते आणि ठाण्यातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसांचं रक्त, लघवी, थुंकी हा माझा रोजचा धंदा. पक्ष्यांशी माझा संबंध आला तो एका पशुवैद्यक मैत्रिणीमुळे आणि दिवा कोळीवाड्यातल्या एका मावशींमुळे. मावशींकडे मी आधी कोलंबी घ्यायला जायचे, मग बदकाच्या अंड्यांसाठी जाऊ लागले. आमच्या सोसायटीतले एक काका मूळव्याधीवर म्हणून ती मागवतात. त्यांना गुण येतो की नाही ते विचारायची सोय नाही, पण गिऱ्हाईक पक्कं आहे.

मावशींची दहा-बारा बदकं. काही पांढरी, काही करड्या अंगाची, आणि एक नर. नर ओळखायचा तो शेपटीवरच्या वर वळलेल्या पिसावरून आणि आवाजावरून. तो जो मोठा 'क्वॅक क्वॅक' गलका असतो तो सगळा माद्यांचा. नराचा आवाज घोगरा आणि दबका. रात्री ती घरामागच्या खुराड्यात असतात. सकाळी अंडी घालून होईपर्यंत मावशी त्यांना बाहेर सोडत नाहीत, कारण एकदा बाहेर पडलं की बदक अंडं कुठेही टाकतं, नाल्यात सुद्धा. आठाच्या आसपास फळी सरकते आणि सगळी पलटण रांगेत, अंग डोलवत, गल्लीतून नाल्याकडे निघते. नाल्यातून खारफुटीच्या कडेला, तिथून ओहोटी असेल तर पार चिखलात. मावशी मागे जात नाहीत. दिवसभर ती काय खातात, कुणाशेजारी पोहतात, कुणाची विष्ठा पडलेल्या पाण्यात चोच घालतात, हे कुणालाच ठाऊक नसतं. दिवेलागणीला ती आपली आपण परत येतात, आणि मावशी शिळा भात नि कोंडा कालवून ठेवलेलं घमेलं पुढे करतात.

आता याच खाडीत हिवाळ्यात कोण येतं ते बघा. ठाणे खाडी म्हणजे आपल्याला फ्लेमिंगो माहीत. 2015 साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि नवी मुंबईने स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेत चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभे केले. पण फ्लेमिंगोंच्या बरोबरीने थापट्या नावाची रानबदकं येतात, तलवार बदकं येतात, चिखलात चरणाऱ्या चिखल्यांचे आणि तुतारींचे थवे येतात. यांतले कितीतरी मध्य आशियातून, सैबेरियातून, हिमालय ओलांडून आलेले. फ्लूच्या विषाणूचं मूळ घर म्हणजे हे पाणपक्षी. त्यांच्या आतड्यात तो पिढ्यानपिढ्या सौम्य रूपात राहत आला, विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जात राहिला. कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. बिघडलं ते हा विषाणू कोंबड्या-बदकांच्या दाटीत शिरला तेव्हा. आज ज्याला आपण एच5एन1 म्हणून भितो, त्याचा पूर्वज 1996 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळलेल्या हंसात सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये 18 माणसं आजारी पडली, सहा दगावली.

बदकाचं कोडं त्यानंतरचं. 2002 च्या अखेरीस हाँगकाँगच्या बागांमधले बदक-हंस या विषाणूने पटापट मेले, तेव्हा शास्त्रज्ञ चमकले, कारण बदकं फ्लूने मरत नाहीत असा समज होता. दोन-तीन वर्षांत गोष्ट पुन्हा उलटली. प्रयोगशाळेत बदकांना नव्या वाणांची लागण करून पाहिली तर बरीच बदकं धडधाकट राहिली, खात-पीत होती, आणि दोन आठवडे, काही त्याहूनही जास्त दिवस विषाणू बाहेर टाकत होती. तोच विषाणू कोंबडीला मात्र दोन-तीन दिवसांत संपवत होता. 2004 साली थायलंडने गावोगावी, घरोघर स्वयंसेवक पाठवून पाहणी केली. तिचे नकाशे मांडले तेव्हा दिसलं की रोगाचे ठिपके कोंबड्यांच्या दाटीपेक्षा मोकळ्यावर चरणाऱ्या बदकांशी आणि भातशेतीशी जास्त जुळतात. भाताची कापणी झाली की बदकांचे कळप या शेतातून त्या शेतात सांडलेलं धान्य टिपत जायचे. आपल्याकडे केरळातल्या कुट्टनाडमध्ये हेच चालतं. तिथे 2014 पासून पुन्हापुन्हा बर्ड फ्लू निघाला आणि बदकंच मारावी लागली. तिथे बदकं मेलीही. म्हणजे कुठला वाण काय करील याचाही भरवसा नाही.

मावशींना हे सगळं सांगायची सोय नव्हती, पण त्यांनी एका वाक्यात विषयच मिटवला होता. बर्ड फ्लूच्या सरकारी तपासणीसाठी आलेल्या मैत्रिणीने पहिल्यांदा विचारलं, "मावशी, गेल्या वर्षात मरतूक किती?" मावशी पदराने हात पुसत म्हणाल्या, "मरतूक कंची? माजी बदका आजारी परत नाय. कोंबऱ्या मरतान. बदका मरतच नाय." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मैत्रीण माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तेच तर."

पाळत ठेवायची म्हणजे काय करायचं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. आपली सगळी यंत्रणा मरतुकीवर बेतलेली आहे. पोल्ट्रीवाला रोज मेलेली पिल्लं मोजतो, आकडा एकदम वाढला की डॉक्टरला फोन करतो, डॉक्टर वर कळवतो. कोंबडीच्या बाबतीत हे चालून जातं, कारण कोंबडी मरून खबर देते. बदक खबर देत नाही. त्याच्याकडे आपणहून जावं लागतं, ते ठणठणीत असताना, आणि त्याच्या मालकिणीला पटवावं लागतं की तुझं निरोगी जनावर मला तपासायचंय. माणसांच्या दवाखान्यातही हेच सगळ्यात अवघड काम. दुखत नसताना तपासणीला कोण येतं?

त्यात वेळेचा घोळ. पथक निघतं सरकारी वेळेने. गाडी मिळवायची, बर्फाचा डबा भरायचा, फॉर्म घ्यायचे, महापे-रबाळ्याच्या ट्रॅफिकमधून यायचं, म्हणजे गावात पोचायला अकरा. अकराला खुराड्यात शेण-कोंडा आणि एखादं पीस. मावशींचा पहिला फटकारा यावरच होता: "तुमी येताव आकराला. बदका काय तुमची वाट बगत बसतील?" मग ठरलं, पुढच्या वेळी सकाळी सहाला, अंडी घालून व्हायच्या वेळेला. मैत्रिणीला बेलापूरहून पहाटे निघावं लागलं, तिच्या मदतनिसाला कल्याणहून. मी तर गल्ली ओलांडून गेले, माझं काय.

ते काम मी जवळून पाहिलं. मदतनिसाने हातमोजे, मास्क, वरून अंगरखा चढवला आणि खुराड्यात हात घालून पहिलं बदक उचललं. पाय धरून उचललं तर बदक लंगडं होऊ शकतं. त्याने दोन्ही पंख अंगाशी दाबून ते बगलेत घेतलं, शेपूट पुढे, तोंड मागे. बदक आधी फुसफुसलं, मग अचानक गप्प झालं. मैत्रिणीने अंगठ्याने चोच उघडली. आत दोन्ही कडांना कंगव्यासारखे दाते, त्यांनीच ते चिखलातलं पाणी गाळतं. जीभ जाड, गुलाबी, आणि तिच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड, एक उभी फट, दर श्वासाला उघडते नि मिटते. ती उघडेपर्यंत स्वॅबचं टोक तिथे धरून थांबायचं. उघडली की आत, हलकेच एक फेरा, बाहेर. घशातला नमुना यासाठी महत्त्वाचा, की या जातीचा विषाणू बदकात आतड्यापेक्षा घशातून जास्त बाहेर पडतो. जुना सौम्य फ्लू मात्र मागून जास्त. म्हणून दुसरा स्वॅब अवस्करातून, जिथून पक्ष्याची विष्ठाही निघते आणि अंडंही. तो स्वॅब बाहेर आला तेव्हा त्याला हिरवट लेप होता. मैत्रिणीने तो उजेडात धरून पाहिला आणि मान डोलावली. कोरडा निघाला असता तर पुन्हा घ्यावा लागला असता.

दोन्ही काड्यांची टोकं गुलाबी द्रवाच्या कुपीत मोडली, झाकणं फिरली, चिकटपट्टीवर क्रमांक पडले. तो गुलाबी रंग मी लगेच ओळखला. कोरोनाच्या दिवसांत आमच्या लॅबच्या टेबलावर अशाच कुप्यांच्या रांगा असायच्या. द्रव आम्ल झाला की पिवळा पडतो, म्हणजे नमुना खराब होऊ लागल्याची शंका घ्यायची. कुपी बर्फात गेली. मग पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त. स्वॅब सांगतो आज विषाणू आहे का. रक्त सांगतं आधी कधी येऊन गेला होता का. दोन्हीचा अर्थ वेगळा, आणि बदकाच्या बाबतीत रक्ताची साक्ष मोलाची, कारण ते आजारी पडलं होतं हे त्याने कुणालाच कळू दिलेलं नसतं.

मावशी सगळा वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. प्रत्येक बदक खाली सोडलं की त्या ते पायाने हलकेच आपल्या बाजूला घ्यायच्या, मोजून घेतल्यासारखं. शेवटी नराची पाळी आली. त्याने मदतनिसाच्या अंगरख्यावर भरघोस प्रसाद दिला. "त्योच नमुना घ्याचा ना," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा सगळे हसलो.

इथून ते डबे पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेकडे जातात, आणि एच5 चा संशय आला तर भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. शेवटचा शब्द भोपाळचा. तिथला अहवाल आल्याशिवाय बर्ड फ्लू हा शब्द अधिकृतपणे कुणी उच्चारत नाही. ही खबरदारी योग्यच आहे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, तेव्हा 'ही तर राणीखेत' म्हणत किती जणांनी हात झटकले होते! राणीखेत हा कोंबड्यांचा जुना, ओळखीचा रोग, त्याची लस निघालेली, त्याची कुणाला भीती वाटत नाही. लक्षणं बरीच सारखी. फरक प्रयोगशाळाच सांगू शकते. त्या वर्षी पुढारी मंचावर बसून तंगड्या खाऊन दाखवत होते आणि आमच्या घरी, ठाण्यात, आईने होळीपर्यंत चिकन बंद केलं होतं. पुरेसं शिजवलेलं मांस आणि अंडी सुरक्षित, सत्तर अंश सेल्सिअसला हा विषाणू टिकत नाही, हे तेव्हाही सांगितलं जात होतं. आईचं उत्तर एकच: "सत्तर अंश झाले हे मला कढईत कोण सांगणार?" बाईने आयुष्यात कधी कच्चट रस्सा केला नाही, तरी.

नवापूरला फेब्रुवारी 2021 मध्ये रोग पुन्हा आला, पुन्हा लाखो पक्षी मारले गेले. मोठ्या पोल्ट्रीला हा घाव जिव्हारी लागतो, पण तिच्याकडे नोंदवही असते, शेडचा नंबर असतो, पक्षी किती होते ते दाखवायला खाद्याची बिलं असतात. मावशींकडे काय आहे? बाधित क्षेत्राची आखणी होते ती एक किलोमीटरची, त्याच्या बाहेर दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. त्या एक किलोमीटरात जे पाळीव पक्षी ते सगळे मारायचे, आणि त्यांची नुकसानभरपाई केंद्राने आणि राज्याने निम्मी-निम्मी द्यायची. भरपाई मारलेल्या पक्ष्याची मिळते. पथक यायच्या आधी आपणहून मेलेल्याची नाही. म्हणजे वेळेवर सांगणाऱ्याचा फायदा व्हावा अशी ही योजना, कागदावर शहाणपणाची. पण बदकवालीच्या बाजूने पाहा. तिचं बदक मरत नाही, तिला काही होताना दिसत नाही, आणि तिने दार उघडलं तर सगळ्यात वाईट काय होऊ शकतं? तिची सगळी बदकं, शेजारणीच्या कोंबड्या, पुढच्या गल्लीतल्या पाच घरांच्या कोंबड्या, सगळं जाणार, आणि गावभर तिच्या नावाने बोटं मोडली जाणार. तिने दार का उघडावं?

ती उघडते, याचंच मला राहून राहून नवल वाटतं. लोकसहभाग, जनजागृती वगैरे शब्द पोस्टरवर ठीक असतात. मावशींनी दार उघडलं कारण मैत्रीण आधी दोन वेळा नुसती येऊन बसली होती, चहा प्यायली होती, बदकांना जंताचं औषध आणि डकप्लेगची लस देऊन गेली होती. डकप्लेग हा बदकांना खरोखरच मारणारा रोग, त्याची मावशींना भीती आहे. ती भीती आधी मिटवली, मग स्वतःची मागणी पुढे केली. कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत 'चहा घ्यावा' असं लिहिलेलं नसणार, पण मला विचाराल तर नमुन्यांच्या संख्येपेक्षा ते महत्त्वाचं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. अहवाल आला नाही.

म्हणजे कचेरीत आला असेल, कुठल्या तरी तक्त्यात 'निगेटिव्ह' म्हणून एक ओळ भरलीही गेली असेल. मावशींपर्यंत आला नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "रपोट आला का गो?" मी मैत्रिणीला विचारलं. तिने वर विचारलं. उत्तर आलं की निगेटिव्ह असेल तर पशुपालकाला कळवायची पद्धत नाही. माझ्या लॅबमध्ये साधी थायरॉइडची तपासणी केली तरी संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते आणि वर 'आमच्या सेवेला किती स्टार द्याल' असा प्रश्न. इथे एका बाईने आपली सगळी मिळकत, सहा वाजता, अंधारात, परक्या माणसांच्या बगलेत दिली, आणि तिला 'सगळं ठीक आहे' एवढंही कुणी सांगेना. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वायट असला तरच सांगाचा, न बरा असला त गप बसाचा, ही कंची रीत?"

मला त्यांचं म्हणणं तंतोतंत पटतं, आणि ते नुसत्या माणुसकीपोटी नव्हे. पाळत एकदाच ठेवून भागत नाही. आजचा निगेटिव्ह स्वॅब आजच्या सकाळपुरता खरा. उद्या तेच बदक थापट्यांच्या शेजारी पोहून येणार. म्हणजे त्याच दारात पुन्हा जायचंय, पुढच्या हिवाळ्यात, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. ज्या दारातून उत्तर न देता आपण निघून गेलो, ते दुसऱ्यांदा उघडेल कशावरून?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चिरनेरच्या वेळी वेगळाच उपाय सुचवला गेला: गावठाणातली बदकं आणि गच्चीतली कबुतरं महापालिकेने उचलून न्यावीत. फ्लेमिंगोंबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, त्यांचे फोटो तर डीपीला असतात. रानपक्ष्यांवर खापर फोडावं असं मलाही वाटत नाही. 2005 साली चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो पट्टकादंब हंस याच रोगाने मेले. मार तेही खातातच. पण उंच मजल्यावर राहणाऱ्याला जो पक्षी दुर्बिणीतून आवडतो तो निष्पाप आणि जो गल्लीत घाण करतो तो संशयित, हा न्याय मजेशीर आहे. एक जण तर म्हणाले की बदकं बंदिस्त करावीत. करा, पण मग कोंडा, पाणी, जागा आणि खाडीतून फुकट मिळणारं निम्मं खाणं कोण पुरवणार, ते आधी ठरवा. मोकळं सोडता येतं म्हणूनच कोळीवाड्यातल्या बाईला बदक परवडतं.

उलट मला वाटतं, खाडीत हिवाळ्यात काय आलंय हे कळायला ही मोकाट बदकं फार सोयीची आहेत. युरोपात कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी काही वर्षं पाळीव मॅलार्ड बदकं मुद्दाम ठेवली होती, रानपक्ष्यांच्या शेजारी, आणि ठरावीक दिवसांनी त्यांचे नमुने घेतले जायचे. विषाणू सरोवरात आला की पहारेकरी बदकात दिसणार, हा हिशोब. तिथे त्यासाठी पिंजरे बांधावे लागले. आपल्याकडे पहारेकरी रोज सकाळी आपल्या पायांनी जातात, संध्याकाळी आपल्या पायांनी परत येतात, आणि त्यांची राखण करणारी बाई फुकट. फक्त तिच्याशी नातं ठेवायला हवं. फ्रान्सने ऑक्टोबर 2023 पासून आपल्या बदकांना लस टोचायला सुरुवात केली आणि लसीच्या आडून विषाणू लपून राहू नये म्हणून तपासणी आणखी कडक केली. आपण आजवर शोधा आणि नष्ट करा या वाटेनेच चाललो आहोत. ती वाट बरोबर की चूक यावर माझ्यासारखीने बोलू नये. पण शोधणं हेच जिचं पहिलं पाऊल, तिथे शोधायला मदत करणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये एवढं तर खरं.

माणसाला धोका किती, हा प्रश्न मला लॅबमध्ये हमखास विचारतात. बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो, पण झाला तर वाईट. एच5एन1 चे 2003 पासून जगभर नऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास निम्मे दगावले. भारतात जुलै 2021 मध्ये हरियाणातला एक अकरा वर्षांचा मुलगा यानेच दिल्लीत दगावला. आपल्या मेळघाटात 2019 साली सतरा महिन्यांच्या एका बाळात एच9एन2 हा पक्ष्यांचाच, पण सौम्य फ्लू सापडला. तो सापडला कसा? तिथे लहान मुलांच्या श्वसनाच्या वेगळ्याच विषाणूवर पाळत चालू होती, घरोघरी जाऊन नमुने घेतले जात होते, त्यात हा हाती लागला. बाळ बरं झालं. कुणी दारात गेलं नसतं तर तो साधा सर्दी-ताप म्हणून विसरलाही गेला असता. हे उदाहरण मी मैत्रिणीला सांगते, तेव्हा ती म्हणते, "मग लिही ना हे कुठेतरी, मला काय सांगतेस?"

यंदा थंडीची चाहूल लागली तसा तिचा फोन आला, मावशींना विचार, येऊ का पुन्हा म्हणून. मी गेले. मावशी सुकटीची टोपली निवडत होत्या. त्यांनी अटी घातल्या. यायचं तर सहालाच. जोडे बाहेर काढायचे, मागच्या खेपेला कुठकुठल्या पोल्ट्रीतला चिखल घेऊन आला होतात. (हे त्या बोलल्या तेव्हा मी चाट पडले, कारण जैवसुरक्षेचा पहिला धडा तोच आहे, आणि तो इथे मालकिणीने डॉक्टरला दिला.) अहवाल काहीही असो, फोनवर सांगायचा. आणि चौथी अट: त्या दिवशी बदकं घाबरतात, दुसऱ्या दिवशी अंडी कमी पडतात, त्याचे पैसे.

मी तिथूनच स्पीकरवर फोन लावला. मैत्रिणीने तीन अटी लगेच मान्य केल्या. अहवाल ती स्वतः, स्वतःच्या नंबरवरून कळवेल, पद्धत असो की नसो. अंड्यांच्या पैशाला मात्र ती अडली. म्हणाली, "मावशी, त्याला लेखाशीर्ष नाही हो."

"त्यो काय असतो?"

"म्हणजे सरकारच्या वहीत तो खर्च लिहायला जागा नाही."

मावशींनी टोपलीतून एक सडकी सुकट वेचून मांजराकडे फेकली. "मंग राहूं दे. चार अंडी कमी परली त हिच्या काकाला सांगन, या आठवऱ्यात दुप्पट भाव." आणि मला म्हणाल्या, "पैसे आगाऊ देऊन जा."